देवी घरातून निघेपर्यंत

येत्या मंगळवारी गावदेवी द्यामव्वा आमच्या माहेरच्या घरातून बाहेर पडेल. सव्वीस वर्षांनी. गावात, मुगळकोप्पात, मांडव उभे राहिलेत, हळदीची पोती आलीत, रथाची चाकं तेल पिऊन काळीभोर झालीत, असं सगळे सांगतात. मला मात्र आठ दिवस एकाच गोष्टीचा घोर लागला आहे. बुधवारी पहाटे सरसक्का उठेल, तेव्हा काय करेल?

ती साडेचारला उठते. अंगणात सडा घालते, थंड पाण्याने न्हाते आणि मधल्या खोलीत जाऊन देवीपुढे दिवा लावते. मग तासभर तिथेच बसते. बुधवारी ती खोली रिकामी असेल.

काल भावजयीचा फोन आला होता. बोलता बोलता सहज म्हणाली, "अक्कांनी ट्रंकेतल्या त्या दोन साड्या शेजारच्या पोरींना देऊन टाकल्या. म्हटलं, देताय कशाला, तर म्हणाल्या, आता ट्रंकेचं काय काम."

कुठल्या साड्या, ते मला विचारावं लागलं नाही.

सरसक्का माझ्या थोरल्या काकांची मुलगी, माझ्याहून दीड वर्षाने मोठी. काका-काकू ती लहान असतानाच गेले, त्यामुळे ती आमच्याच घरात वाढली. आम्ही चित्रगार. गावदेवीची लाकडी मूर्ती रंगवायचा मान आमच्या घराकडे. जत्रा नऊ वर्षांतून एकदा. त्याआधी पाच मंगळवार पाळायचे. त्या दिवशी शेतात औत नाही, गिरणी नाही, चुलीवर तवा नाही. पहिल्या मंगळवारी देवी देवळातून उठते आणि वाजतगाजत आमच्या घरी रंगायला येते. त्या दिवसापासून आमचं घर तिचं माहेर. जत्रेत तिचं लग्न लागतं, म्हणून ती आमच्याकडून नवरी होऊन निघते. आणि ती निघेपर्यंत त्या घरातली दुसरी कुठलीही मुलगी नवरी होऊन उंबरा ओलांडत नाही. देवीच्या पुढे कोण जाणार?

हा नियम कुणाला कधी जाचला नव्हता. पाच मंगळवार म्हणजे किती, महिना-सव्वा महिना. तेवढं कोण थांबत नाही?

सव्वीस वर्षांपूर्वी, जत्रेच्याच वर्षी, घरात दोन लग्नं ठरली होती. सरसक्काचं बैलहोंगलच्या रुद्रप्पा पत्ताराशी, माझं धारवाडच्या शेतकी कॉलेजात नुकत्याच लागलेल्या मुलाशी. पहिल्या मंगळवारच्या आत एकच महिना उरला होता आणि एका उंबऱ्यावरून एका महिन्यात दोन मुली पाठवायच्या नाहीत, असं आमच्यात आहे. एकीचं लग्न जत्रेआधी, दुसरीचं जत्रेनंतर. थोरली आधी, हे उघडच होतं. अप्पांनी तसा मांडवही सांगून ठेवला होता.

मग माझ्या सासरच्यांचा निरोप आला. मुलाला प्रशिक्षणाला बंगळूरला जायचंय, शिवरात्रीच्या आत उरकत असेल तर बघा, नाहीतर पुढचं काही सांगता येत नाही.

अप्पा रात्रभर ओसरीवर विड्या ओढत बसले. सकाळी सरसक्काने चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काका, विजीचं आधी होऊ दे. मी थांबते. जत्रा काय, चैत्र सरला की आलीच."

"तुझ्या सासूला काय सांगू?"

"सांगा, देवीच्या पाठोपाठ येते म्हणून. खूश होतील."

अव्वाच्या, माझ्या आईच्या, डोळ्यांत पाणी आलं. तिने सरसक्काच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सगळ्या गल्लीत झालं, बघा, काकाच्या घरात वाढलेली पोर, पण मन केवढं.

मला एक गोष्ट ठाऊक होती. साखरपुड्याच्या दिवशी मागच्या दारी ह्यांनी मला सांगितलं होतं, "बंगळूरची तारीख ज्येष्ठातही घेता येते, साहेब ओळखीचे आहेत. पण आईला घाई आहे." मी हे घरात कुणाला बोलले नाही. एकवीस वर्षांची होते. स्थळ मोडेल ही भीती होती, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर तेव्हा भीतीबिती काही नव्हती. मला फक्त आधी व्हायचं होतं.

माझं लग्न झालं. सरसक्काने माझ्या हाताला मेंदी लावली, ओटीत नारळ घातला, आणि बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "माझ्या लग्नाला चार दिवस आधी ये. पाहुण्यासारखी येशील तर भांडी घासायला लावीन."

बाराव्या दिवशी देवी आमच्या घरी आली.

चौथ्या मंगळवारी गावात भांडण पेटलं. नवरी निघाली की तिची पहिली ओटी कुणाच्या दारात भरायची, वरच्या गल्लीत की खालच्या, एवढ्यावरून. आधी शिव्या, मग काठ्या, मग कुऱ्हाड. खालच्या गल्लीतला एक माणूस तिसऱ्या दिवशी हुबळीच्या इस्पितळात मेला. पोलीस आले, जत्रा थांबली, दोन्ही गल्ल्या कोर्टात गेल्या. कोर्टाने सांगितलं, पुढचा आदेश होईपर्यंत मूर्ती आहे तिथून हलवायची नाही.

आहे तिथे म्हणजे आमच्या मधल्या खोलीत. अर्धी रंगलेली. डावा गाल हळदीसारखा पिवळाधमक, उजव्या गालावर नुसता खडूचा पांढरा हात. डोळे तर सर्वांत शेवटी उघडतात, त्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या खाचा.

वर्षभर आमच्या ओसरीवर स्टुलावर एक पोलीस बसवला होता. बिचारा बसून बसून कंटाळायचा. शेवटी अप्पांनी त्याला हिंगुळाचा लाल रंग खलायला शिकवलं. बदली होऊन गेला तेव्हा बऱ्यापैकी रंग करायला लागला होता. अप्पा म्हणायचे, "या जत्रेतून एवढा एक चित्रगार निघाला बघा."

पहिल्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, रुद्रप्पाच्या घरून सरसक्काला साडी आली. निरोप होता, जत्रा झाली की लगेच. दुसऱ्या उगादीलाही आली, पण निरोप नव्हता. तिसऱ्या वर्षी त्याची आईच आली. रोट्टी आणि भरली वांगी पोटभर जेवली आणि हात धुता धुता म्हणाली, "तुमच्या देवीला कोर्टाची तारीख मिळते, आमच्या पोराच्या वयाला कोण तारीख देतंय हो? लग्न आमच्या दारात लावून टाकू. हो म्हणा."

अप्पा म्हणाले, "लग्न कुठेही लागू दे हो. पण मुलगी याच उंबऱ्यातून पाठवायची ना? देवी आत बसलीय."

अप्पा तरी शेवटी गेले होते वकिलाकडे. कुठल्या गल्लीचा वकील, ते आता महत्त्वाचं नाही. तो म्हणाला, "काळप्पा, असलं काही करू नका. तुमच्या घरातली मुलगी सासरी गेली तर समोरचा उद्या लिहून देईल की देवीचं माहेरपण संपलं, जत्रा बुडाली. आहे तसं राहू द्या. निकाल लागेपर्यंत."

मूर्ती हलवायची नाही, असं कोर्ट म्हणालं होतं. सरसक्काला हलवू नका, असं कुठे लिहिलं नव्हतं. पण गावाने दोघींना एकाच कागदात बसवलं.

रुद्रप्पाने त्याच ज्येष्ठात दुसरीकडे लग्न केलं. त्याला दोष देत नाही. त्याला आता नातू आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. त्यानंतर दोन वर्षांनी माझा भाऊ प्रभाकर, त्याचं लग्न झालं. धूमधडाक्यात. मांडव घरासमोरच. सून घरात आणायला देवीची हरकत नव्हती. हरकत फक्त बाहेर पाठवायला होती. त्या लग्नात पाचशे माणसांच्या होळिग्या, पुरणपोळ्या, सरसक्काने लाटल्या. मी माझ्या लहानग्या चिन्मयीला कडेवर घेऊन तिच्या शेजारी बसले होते. जावा-नणंदांची थट्टा चालली होती. कुणीतरी म्हटलं, "सरसव्वा, तुझा नवरा देवीनेच पळवला की गं." सगळ्या हसल्या. सरसक्काही हसली. म्हणाली, "तिला तरी कुठे मिळालाय? दोघी बसलोय." मग लाटणं जरा जोरात फिरलं आणि पोळी फाटली. तिने ती बाजूला ठेवली, पोरांना देण्यासाठी.

अप्पा गेले त्याला पंधरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ते तिला रंग शिकवून गेले. खळ कशी शिजवायची, खारीच्या केसांचा कुंचला कसा बांधायचा, ओठाची रेघ श्वास रोखून कशी ओढायची. प्रभाकर हुबळीत किचनची कपाटं बनवतो, त्याला यातलं काही येत नाही. गावात या घडीला द्यामव्वाचा चेहरा रंगवू शकेल असं एकच माणूस आहे, पण बाईच्या हाताने देवीचे डोळे उघडत नाहीत. म्हणून तिने उजवा गाल तसाच पांढरा ठेवला. रोज धूळ झटकायची, दिवा लावायचा, सणाला नैवेद्य दाखवायचा. देवी अजून नवरी व्हायची होती, तेव्हा तिच्याजवळ कुमारिकेनेच असायला हवं होतं. मुद्दाम असं कुणी ठरवलं नाही. सरसक्का होतीच.

दोन्ही गल्ल्यांचे म्हातारे मरून संपले आणि गेल्या दिवाळीत पोरांनी तडजोड केली. ओटी एकदम दोन्हीकडची, मध्ये चौकात. एवढं सोपं होतं ते. सव्वीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं असं नाही, पण सुचवणारा कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न असायचा.

संक्रांतीला मी चिन्मयीला घेऊन गावी गेले. ती भाषाशास्त्रात एम.ए. करते आहे. माणसं काळाबद्दल कशी बोलतात, आधी, नंतर, पासून, पर्यंत हे शब्द कुठे कसे वापरतात, यावर तिला प्रबंध लिहायचा आहे. छापील प्रश्नांची चार पानं आणि ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र घेऊन ती आली होती. सरसक्काला ती दोड्डव्वा म्हणते, थोरली आई. दोघी मधल्या खोलीतच बसल्या. मी पडवीत तीळ निवडत होते.

त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं नव्हतं. आज चिन्मयीने ते ध्वनिमुद्रण माझ्या फोनवर टाकलं, गावाकडचे शब्द तपासून दे म्हणून. दोनदा ऐकलं. आता तिसऱ्यांदा ऐकण्याऐवजी हे लिहीत बसले आहे.

आधी चिन्मयीचा आवाज येतो. "दोड्डव्वा, 'आधी' घालून एक वाक्य सांग."

"एवढं शिकून आलीस आणि मला 'आधी' विचारतेस? आधी जेव."

"ते नको गं. घडलेलं सांग काहीतरी."

"विजीचं लग्न माझ्याआधी झालं."

"बरं. आता 'पासून'."

"देवी आली त्या दिवसापासून मी कधी माडीवर झोपले नाही. खाली लागतं ना कुणीतरी. उंदीर येतात, लाकूड कुरतडतात."

"'पर्यंत'?"

"पर्यंतची किती पाहिजेत? पोतंभर आहेत. वकील येईपर्यंत थांब. उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत थांब. साक्षीदार बरा होईपर्यंत थांब. तो मेला. मग दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत थांब. लिहितेस ना? हळू सांगू का?"

इथे चिन्मयी हसते. सरसक्काही हसते.

मग चिन्मयी तिला समजावून सांगते. माझ्या लेकीला शिकवायची हौस फार. म्हणते, "काळ डोळ्यांना दिसत नाही ना, दोड्डव्वा, म्हणून माणसं जागेचे शब्द उसने घेतात. आठवड्याच्या 'आत' म्हणतो आपण, जसा काही आठवडा म्हणजे खोलीच. होऊन गेलेलं आपल्या 'मागे', व्हायचंय ते 'पुढे'. जसं काही आपण रस्त्याने चाललोय."

"चालणाऱ्याचं ठीक आहे गं," सरसक्का म्हणते. "मी बसलेली. माझ्यापुढे ही देवी, पाठीला दार. जे काही यायचं ते पाठीमागूनच येतं. वकील आला तरी आधी चपला ऐकू येतात, मग तोंड दिसतं. पुढे बघावं तर मागचंच सगळं दिसतं. तो पिवळा गाल बघ. तुझ्या आजोबांनी केला, त्या आठवड्यात मी नवी चोळी शिवत होते."

"हे फार छान आहे, दोड्डव्वा! परत एकदा सांगशील? जरा यंत्राजवळ."

"एकदा बोलले ना. ते यंत्र बहिरं आहे का?"

मग चिन्मयी शेवटचा शब्द विचारते. "'नंतर'. देवी गेल्यानंतर, जत्रा झाल्यानंतर, काहीही सांग."

यंत्रात बराच वेळ नुसतं घर ऐकू येतं. कावळा. प्रभाकरच्या बायकोने बादली ठेवल्याचा आवाज. परातीत माझे तीळ.

"ते तू तुझ्या मनाने लिही," सरसक्का म्हणते.

"असं नाही चालत. तुझं वाक्य पाहिजे."

"माझ्याकडे नाही ते."

एवढ्यावर ध्वनिमुद्रण संपतं. चिन्मयीच्या कागदात त्या जागी लिहिलंय: स्त्री, वय एकोणपन्नास, अविवाहित, उत्तर मिळाले नाही. माझी पोर वाईट नाही. तिला असंच लिहायला शिकवलंय. पण ते वाचून वाटलं, कोर्टाच्या कागदानंतर हा दुसरा कागद, यातही सरसक्का आहे तिथेच.

आता मंगळवारनंतर तिचं काय, हे ठरवणाऱ्यांनी ठरवून टाकलं आहे. गावाबाहेर वर्गणीतून ग्रॅनाईटचं नवं देऊळ बांधलंय. डोळे उघडायला आणि राहिलेला रंग द्यायला बाहेरगावचा चित्रकार आणला, त्याने फवाऱ्याच्या यंत्राने दोन तासांत काम उरकलं. डावा पिवळा गालसुद्धा त्याने नव्याने मारला. सरसक्का बाजूला उभी होती, हातात अप्पांचे कुंचले धुऊन, तेलाचा हात लावून तयार ठेवलेले. ते त्याने बघितलेसुद्धा नाहीत.

जत्रा झाली की प्रभाकर जुनं घर पाडणार आहे. गेल्या शुक्रवारी त्याने मला फोन केला.

"पंच कमिटीने मान्य केलंय," तो म्हणाला, "देवळामागे एक खोली आहे. अक्का तिथे राहील. झाडलोट, दिवाबत्ती. गावाचंही काम होईल, तिचंही."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? इथे दिवा लावते, तिथे लावेल. तिला काय वेगळं?"

"प्रभ्या, जत्रेच्या शेवटी देवीचं काय होतं, विसरलास का?"

आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नवव्या दिवशी देवीला शिवेवर नेतात, तिची झोपडी जाळतात, बांगड्या फोडतात. ती विधवा होते. मग कित्येक दिवस देवळाचं दार लावलेलं असतं, आणि त्या बंद दारामागच्या खोलीत यांना सरसक्काला ठेवायचंय. जिचं लग्नच झालं नाही, तिला वैधव्याच्या सेवेला.

"मग तू घेऊन जा ना तुझ्याकडे," प्रभाकर चिडून म्हणाला. "तीन खोल्या आहेत तुझ्या. मी काही अडवलंय?"

मी म्हटलं, "तसं नाही रे. चिन्मयीचं जमत आलंय. ते लग्न एकदा होऊ दे. त्यानंतर बघू."

पलीकडे तो हसला. "बरोबर. त्यानंतर. आमच्या घराण्याचा आवडता शब्द."

मी फोन ठेवला. राग आला होता, पण त्याचा नाही.

चिन्मयीला बेळगावचं स्थळ आलंय. चांगली माणसं आहेत. मुलाची आई गेल्या महिन्यात घरी आली होती, कप खाली ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी आहेत म्हणे, देवीपायी लग्न राहिलेल्या? त्या कोण तुमच्या?"

मी म्हटलं, "दूरच्या आहेत."

माझ्या हाताला मेंदी लावणारी, दूरची. चिन्मयी आत पोहे वाढत होती. तिने ऐकलं, बशी घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुणे गेल्यावर मात्र म्हणाली, "आई, दोड्डव्वा दूरची कधीपासून?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच बोलले." ती म्हणाली, "माझं नाव नको घालूस त्यात."

आईला भीती वाटते, ती खोटी नसते. अपशकुनी बाई घरात आहे, एवढ्यावरून स्थळ मोडलेली घरं मी पाहिली आहेत. पण आज ते ध्वनिमुद्रण ऐकताना मला माझाच जुना चेहरा दिसला, साखरपुड्याच्या दिवशी मागच्या दारी उभा. तेव्हाही माझ्याकडे कारण होतं, आताही आहे. दोन्ही वेळेला आधी मी आणि माझं, आणि नंतर ती. अप्पांनी तिला देवीचं नाव सांगून थांबवलं, वकिलाने कोर्टाचं, मी लेकीचं सांगते आहे. एवढाच फरक.

तिने त्या उगादीच्या दोन साड्या देऊन टाकल्या, हे भावजयीने किती सहज सांगितलं. इतकी वर्षं घडी न मोडता ठेवलेल्या साड्या. मला त्याचा एकच अर्थ लावायचा धीर होतो, की ती कुठेतरी निघायच्या तयारीत आहे. कुठे, ते मी मनात आणत नाही. आमच्या मागच्या परसात मोठी विहीर आहे. तिला कठडा नाही.

हे मघाशी जागे झाले होते. दिवा बघून म्हणाले, "अजून काय लिहितेस?"

मी म्हटलं, "सरसक्काला इथे आणायचं म्हणते."

"जत्रा झाल्यावर?"

"नाही. त्याआधी."

ते उशीवर कोपर टेकून बसले. "देवी घरातून निघायच्या आत? गाव बोलेल. प्रभाकरला वाळीत टाकतील."

"टाकू दे."

"आणि बेळगावचे?"

"त्यांना दुपारी फोन करून मी सांगणार आहे, ती माझी सख्खी बहीण आहे म्हणून. मोडलं तर मोडलं. चिन्मयीचं वय काय पळत नाही."

बंगळूरची तारीख ज्येष्ठात घेता आली असती, याचीही मी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी कोपर काढून उशीवर डोकं टेकलं. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तू घरी सांगितलं असशील." कूस बदलून झोपले. झोप लागली नसावी.

सकाळी पहिली बस सहाला आहे. मी आणि चिन्मयी दोघी जाऊ. सरसक्का नाही म्हणू शकते. म्हणू शकते की सव्वीस वर्षं काढली, आता चार दिवसांसाठी देवीला एकटी टाकू का. म्हणू शकते की विजे, तुझी दया तुझ्यापाशी ठेव. म्हणण्याचा तिला हक्क आहे आणि मी ऐकून घेईन. पण तिला कुणीतरी विचारायला हवं, आणि विचारताना माझ्या तोंडून जत्रेचं नाव निघता कामा नये.

निघण्याआधी फोन तिलाच करायचा, प्रभाकरला नाही. तो भोंगा लावून सगळ्या घराला ऐकवेल. सरसक्काकडे चिन्मयीने दिलेला छोटा फोन आहे, बटणांचा. ती तो देवीच्या खोलीत, समईशेजारच्या कोनाड्यात ठेवते.

आता सव्वाचार झाले. ती उठायची वेळ झालीच. न्हाऊन, दिवा लावून ती देवीपुढे बसेल, मग कुणाचं ऐकणार नाही. त्याआधी फोन करते.